गोदूबाईच्या नावाने गेलेला मजकूर

जबाब, दिनांक २७/०९/२००८

नाव श्रीमती इंदुमती श्रीपत सलागरे, वय ६२ वर्षे, धंदा सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार बाजारपेठ, पोलादपूर, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड.

मी वरील पत्त्यावर गेली सदतीस वर्षे राहते. माझे पती २००१ साली वारले. आज बोलावल्यावरून पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारले त्याप्रमाणे सांगते. लेखनिक हवालदार रजेवर असल्याने आणि माझे अक्षर वाचण्याजोगे असल्याने जमादार साहेबांच्या परवानगीने हा जबाब मी माझ्या हाताने लिहीत आहे.

मयत गोदूबाई भागोजी ढेबे, वय अंदाजे ५८, राहणार उंबरटेप, हिला मी केव्हापासून ओळखते असे विचारले. सन १९७१ च्या भाद्रपदात एका दुपारी ती डोंगरावरून तुपाची बरणी घेऊन आमच्या ओट्यावर येऊन टेकली. मी लग्न होऊन येथे आले त्याला चार महिने झाले होते व गावात माझी कोणाशी ओळख नव्हती. मी काकडी चिरली, तिने मीठ लावले, ती आम्ही दोघींनी खाल्ली. हात पुसून तिने पदरातून एक कोरे आंतरदेशीय पत्र काढले आणि म्हणाली, "तुमी शिकलेल्या हाव. माझ्या धन्याला दोन अक्षरं लिवा." जमादार साहेबांच्या मते काकडीचा मजकूर या प्रकरणात अनावश्यक आहे. मी विनंती केल्यावरून त्यांनी तो राहू दिला.

तिचे पती भागोजी तेव्हा मुंबईस जोगेश्वरी येथे म्हशींच्या तबेल्यात कामाला होते. माझे वडील पाचगणीस एका कॉन्व्हेंटमध्ये कारकून होते व माझे शिक्षण तेथेच झाले. पत्र कसे लिहावे हे आम्हाला सिस्टरनी छडी घेऊन शिकवले होते. त्या शिस्तीने मी गोदूबाईचे बोलणे सुधारून, मायना वगैरे घालून लिहिले. पंधरा दिवसांनी भागोजींचे दुसऱ्या कोणाच्या अक्षरात उत्तर आले की, हे पत्र माझ्या बायकोचे वाटत नाही, ती इतके गोड बोलत नाही, खरे पत्र धाडणे. गोदूबाई ते ऐकून इतकी हसली की शेजारच्या बायका बाहेर आल्या. त्या दिवसापासून ती जे बोलेल तेच मी लिहीत असे. लिहून झाले की वाचून दाखवत असे. पटले तर ती "माझंच हाय" म्हणून अंगठा उठवी. न पटले तर पुन्हा लिहावे लागे. पुढे उंबरटेपच्या इतर बायकाही येऊ लागल्या व सर्वांसाठी हीच रीत राहिली. टेलिफोन आल्यावर पत्रे थांबली, पण अर्ज, दाखले, रेशनकार्डाच्या तक्रारी यांसाठी त्या येतच राहिल्या. त्याकरिता मी एक जाड वही ठेवली आहे. ती मी आज सोबत आणली आहे.

तक्रारदार किरण भागोजी ढेबे, वय ३४, हा गोदूबाईचा मुलगा. तो आठवी ते दहावी शाळेसाठी आमच्या घरी राहत होता. मला मावशी म्हणतो. सध्या मुंबईस एका कंपनीत नोकरीला असून उंबरटेप ग्रामस्थ मंडळाच्या मुंबई शाखेचा चिटणीस आहे. त्याच्याविषयी माझी कसलीही तक्रार नाही, हे मी सुरुवातीसच लिहून ठेवते.

दिनांक २५ जुलै २००५ रोजी दुपारी चारच्या सुमारास उंबरटेपवर दरड आली. तेवीस घरांपैकी अकरा घरे मातीखाली गेली. माणसे त्याआधी बाहेर पडली होती. भागोजी तेवढे गोठ्यात होते. ते मुंबई सोडून दहा वर्षांपूर्वीच गावी परतले होते. तेव्हापासून वाडीचे लोक शाळेशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. किरण वडिलांचे दिवस करून गेला तो परत गावी आला नाही. सुट्टीत त्याची बायको ज्योती मुलांना घेऊन येते. तो दर रविवारी फोन करीत असे.

चालू वर्षी उंबरटेपचे पुनर्वसन खाली रस्त्याच्या कडेला करण्याचा आराखडा निघाला. त्यावर हरकती व सूचना मागवल्या गेल्या. मुंबईतल्या मुलांनी ऑर्कुट या संकेतस्थळावर गावाच्या नावाने एक कम्युनिटी काढली आहे. तिचे तीनशे बारा सभासद आहेत. तेथे आराखडा मान्य आहे का म्हणून मते घेतली. एकशे अठरा जणांनी होय म्हटले, तिघांनी नाही. त्याचा छापील कागद मंडळाने गावाचे मत म्हणून कचेरीत दिला. पुनर्वसनाचे काम पाहणारे साहेब नवीन असून उत्साही आहेत. त्यांनी स्वतः त्या कम्युनिटीवर लिहिले की, येथे आलेल्या सूचनाही सुनावणीत वाचल्या जातील. सुनावणी ६ ऑक्टोबर रोजी आहे.

हे सर्व मला पूनम सकपाळ हिच्याकडून कळले. ती बाजारपेठेत संगणकाचा क्लास चालवते. माझी विद्यार्थिनी होती. तिने आराखडा पडद्यावर दाखवला. त्यात घरे, रस्ता, दिवे, समाजमंदिर सर्व होते. गोठे कोठेही नव्हते. दोन दिवसांनी मी व पूनम वर उंबरटेपला गेलो व शेडमध्ये बायकांना सांगितले की गावाने होय म्हटले आहे. गोदूबाईची जाऊ रखमा म्हणाली, "गावानं व्हय म्हटलं? कुठल्या गावानं गो? आमी तर हितंच हाव."

गोदूबाई म्हणाली, "आपल्याला इचारायला निघालेला गडी घाटात दमून बसला असंल. यील सावकाश."

खाली गोठ्याला जागा नाही म्हटल्यावर मात्र कोणी हसले नाही. गुरे विकून खाली जायचे किंवा गुरे राखायला कोणीतरी वर दरडीखाली राहायचे, असा त्याचा अर्थ होता. गोदूबाईने विचारले, "ह्या मुंबईच्या पोरांनी जितं लिवलं, तितं आमाला लिवता यील का?" पूनम म्हणाली, "येईल की काकी. खातं उघडावं लागंल."

त्यानुसार बाजाराच्या दिवशी, १९ ऑगस्ट रोजी, नऊ बायका खाली आल्या व पूनमच्या संगणकावर नऊ खाती उघडली. तक्रारीत म्हटले आहे की ही खाती बनावट आहेत, कारण नऊही जणींची जन्मतारीख एकच आहे, कोणाचाही चेहरा नाही, सर्वांच्या नावापुढे गुरांचे फोटो आहेत आणि सर्व मजकूर एकाच संगणकावरून गेला आहे. हे सर्व खरे आहे. संगणक जन्मतारीख विचारत होता. ती कोणालाच ठाऊक नव्हती. मी एकतीस वर्षे शाळेत ज्या मुलाची तारीख माहीत नसेल त्याची १ जून लिहीत आले, तसेच सवयीने सांगितले. पूनमने नऊदा १ जून टाकले. फोटोचे म्हणाल तर रखमा म्हणाली, "थोबाड नको गो बाय. सुना बघतील, म्हणतील म्हातारीला खूळ लागलं." गोदूबाई म्हणाली, "माझ्या चांदीचा लाव. वाडीत मला तिच्यावरनंच वळखतात." चांदी ही तिची म्हैस आहे. मग बाकीच्यांनीही आपापली गुरे सांगितली व पूनमने वर जाऊन मोबाइलवर फोटो काढले. रखमाची पाडी एका जागी उभी राहीना, म्हणून तिच्या खात्यावर नुसते शेपूट आले आहे. फसवणुकीचा हेतू असता तर आम्ही त्यापेक्षा बरे फोटो लावले असते.

पुढच्या आठवड्यात ब्राझील देशातील एका बाईने चांदीचा फोटो पाहून गोदूबाईच्या खात्यावर इंग्रजीत कौतुक लिहिले. मी ते वाचून दाखवले. गोदूबाईने उलट विचारायला लावले की तुझी म्हैस किती दूध देते. उत्तर आले, अठरा लिटर. गोदूबाई म्हणाली, "खोटं बोलते." ते मी लिहिले नाही. पहिल्या पत्रानंतर तिच्या सांगण्यात फरक करण्याचा तेवढा एक प्रसंग.

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आठ बायकांचे म्हणणे कम्युनिटीवर गेले. प्रत्येकीचे मी आधी वहीत लिहिले, वाचून दाखवले, अंगठा घेतला, मग पूनमने इंग्रजी अक्षरांत मराठी टंकले. मुंबईच्या मुलांनी थट्टा केली. एकाने विचारले, म्हशींना मताचा अधिकार कधी मिळाला. गोदूबाई मात्र थांबली होती. "माझं समद्यांच्या मागनं," असे ती म्हणे.

मंगळवार दिनांक १६ सप्टेंबर रोजी तिला ताप असल्याचा निरोप आला म्हणून मी वर गेले. ती शेडच्या दाराशी बसली होती. तिने दोन मजकूर सांगितले. पहिला सुनावणीसाठी होता. तो वहीच्या पान ३१ वर असून जसाच्या तसा येथे उतरवते:

"आमाला खाली न्या. आमी नाय म्हणत नाय. दरड आमी बघितली हाय. पर माणसाच्या दाराला लागून गुरांचं दार ठेवा. दिवे मागनं दिलेत तरी चालंल. त्या दिशी डोंगर फुटायच्या आदी चांदी दावं तोडून वरडाय लागली, तिच्या मागनं समदी गुरं वरडली, म्हणून आमी भाईर आलो. तेवीस घरं भाईर आली. कुठल्या सायबाचा भोंगा वाजला नवता."

दुसरा मजकूर किरणसाठी होता. ती म्हणाली, "त्यो रोज जितं बघतो, तितंच धाड. फोनवर मला बोलाय व्हायचं नाय." तो पान ३२ वर आहे. तोही अंगठ्यासह आहे. तक्रारीसोबत त्याचा छापील कागद जोडलेला असल्याने येथे पुन्हा देत नाही. जमादार साहेबांनी सारांश तरी लिहावा असे सांगितले. सारांश असा की, तू आराखड्याला होय म्हटलेस त्याचा मला राग नाही, गुरे नसली तर आई गोठ्यात जाणार नाही एवढाच तुझा विचार आहे हे मला ठाऊक आहे. गुरांनी तुझ्या बाबाला नेले असे तू लोकांना सांगतोस. ते गोठ्यात आपल्या मनाने गेले नव्हते, गुरांची दावी सोडून या म्हणून मीच पाठवले. तीन वर्षे हे सांगायचे राहिले. आता रागव, नाही तर ये.

वाचून दाखवल्यावर तिने ते पुन्हा एकदा वाचायला लावले. मग "माझंच हाय" म्हणाली.

मी सायंकाळच्या एसटीने खाली आले. रस्त्याच्या खोदकामात टेलिफोनची तार तुटल्याने पूनमकडे इंटरनेट बंद होते. ते रविवारपर्यंत बंद राहिले. गुरुवार दिनांक १८ सप्टेंबर रोजी सकाळी गोदूबाई वारली. मी वर गेले. किरण संध्याकाळी पोचला. अग्नी देताना मी त्याच्यापासून सहा हातांवर उभी होते. वही माझ्या पिशवीत होती. ती मी बाहेर काढली नाही.

सोमवार दिनांक २२ रोजी सकाळी साडेअकरा वाजता पूनमकडे इंटरनेट सुरू झाले आणि दोन्ही मजकूर गोदूबाईच्या खात्यावरून पाठवले. ती मयत झाल्याचे मला तेव्हा माहीत होते, हे मी कबूल करते. पूनम म्हणाली, "बाई, आता कसं पाठवायचं?" मी म्हटले, पत्र टपालात पडायचे राहिले म्हणून ते लिहिणाऱ्याचे होत नाही. ही जबाबदारी माझी आहे, पूनमची नाही.

माझ्या हातून चूक झाली ती पुढीलप्रमाणे. किरणला मजकूर पाठवताना पूनमने विचारले, स्क्रॅपबुकात टाकू की मेसेज करू. स्क्रॅपबुक त्याच्या नावाचे होते. मी आयुष्यभर आंतरदेशीय पत्रे लिहिली. ज्याच्या नावाचे असेल तोच ते फोडतो, अशी माझी समजूत. मी म्हटले, त्याच्या बुकात टाक. तिला वाटले मला माहीत आहे. ते बुक कोणालाही उघडून वाचता येते हे मला माहीत नव्हते. संध्याकाळपर्यंत ते मंडळाच्या बहुतेक सभासदांनी वाचले.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास किरण माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. डोके केलेले होते. सुतक असल्याने तो ओट्यावर चढला नाही. मीही त्याला वर ये म्हटले नाही. आमच्यात पुढील बोलणे झाले.

"मावशी, माझी आय गुरुवारी गेली. सोमवारी तिने मला स्क्रॅप टाकला. काल मुंबईहून सात फोन आले. विचारतायत, खरंच तुझ्या आयनं बाबाला पाठवलं काय."

मी म्हटले, "किरण, तिचेच शब्द आहेत."

"माझी आय माझ्याशी असं कधी बोलली नाय."

"तुझ्याशी बोलली नाही."

हे मी बोलायला नको होते. तो तेथून निघाला तो थेट पोलीस ठाण्यात आला. मी त्या दुपारी पूनमकडे जाऊन तो स्क्रॅप पुसून टाकला. पण लोकांनी तो उतरवून घेतला होता. दोन दिवसांनी पूनमचा संगणक जप्त झाला.

तक्रारीत किरणने मागणी केली आहे की नऊही खाती खोटी ठरवून त्यांवरच्या सूचना सुनावणीतून काढून टाकाव्यात. त्याने ती रागात केली आहे असे मला वाटते. पण कचेरीने ती मान्य केली तर आराखड्यात गोठा मागणारा एकही कागद उरणार नाही. रखमा आणि इतर सात जणी हयात आहेत व विचारल्यास आपले म्हणणे आपण सांगतील. गोदूबाईला विचारता येणार नाही. तिच्यासाठी वहीतील अंगठा आहे. सन १९९६ मध्ये जमिनीच्या वाटपपत्रावर तिने उठवलेला अंगठा तलाठी दप्तरी मिळेल. दोन्ही पडताळून पाहावेत अशी माझी विनंती आहे. मी तिच्या बोलण्यात कधी भर घातली का, असे मला विचारले. १९७१ सालच्या पहिल्या पत्रात घातली होती. त्यानंतर नाही.

वहीबाबत माझे सांगणे असे. पान ३१ ची नक्कल सहीशिक्क्याने सुनावणीच्या साहेबांकडे ६ तारखेपूर्वी पोचावी. पान ३२ तेथे देऊ नये. ते झाकून नक्कल काढावी. तपास संपल्यावर मूळ वही रखमाला द्यावी, कारण इतर आठ जणींचे अंगठे त्यात आहेत. त्यांच्या खात्यांचे पासवर्ड मी त्यांना तोंडी सांगितले आहेत. पूनमचा संगणक लवकर परत करावा. तिच्याकडे चौदा मुली परीक्षेला बसल्या आहेत. चांदीला सध्या रखमा पाहते. ती कोणाकडे राहावी हे किरणने व रखमाने ठरवावे, मी त्यात काही सांगू इच्छित नाही.

भागोजींनी जोगेश्वरीहून पाठवलेली सदतीस पत्रे गोदूबाईने माझ्याकडे ठेवायला दिली होती, तिचे घर गळत असे म्हणून. ती किरणला द्यावीत. त्यात त्याच्या जन्माच्या वेळचे एक आहे, ते वर ठेवले आहे. गोदूबाईच्या खात्याचा पासवर्ड मी बंद पाकिटात जमादार साहेबांकडे देत आहे. तोही किरणला द्यावा. ते खाते ठेवायचे की बंद करायचे, हे त्याने ठरवावे. या जबाबाची एक प्रत त्यास मिळावी.

१६ तारखेस गोदूबाईने दुसऱ्या पानावर अंगठा उठवला व मी पेनाला टोपण लावले, त्यानंतर तिने आणखी एक वाक्य सांगितले. मी पुन्हा पेन उघडले तेव्हा ती म्हणाली, "ह्ये लिवू नको. त्यो आला तर त्याला सांग." ते वाक्य वहीत नाही, संगणकावर गेले नाही व या जबाबातही नाही. ते देणे माझ्याकडे राहिले आहे. सुतक फिटल्यावर किरणने घरी यावे.

वरील मजकूर कोणाच्या दबावाखाली न येता लिहिला. जमादार साहेबांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला, माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. याआधीच्या परिच्छेदातील अखेरचे वाक्य माझ्याकडून दोनदा लिहिले गेले होते. त्यातील एक खोडून तेथे सही केली आहे.

इंदुमती श्रीपत सलागरे